बाराशे सहा फरक

"अजून चालूच आहे का हो?" ताईंनी चौथ्यांदा विचारलं.

"नऊ हजार जीन आहेत एकेका यादीत. जरा दम धरा की," आजोबा म्हणाले.

प्रयोगशाळेत दोघांना सगळे याच नावांनी हाक मारत. आजोबा निवृत्तीला टेकलेले, ताई चाळिशीच्या. वाटाण्यावर पडणाऱ्या एका बुरशीच्या डीएनएमध्ये कुठला जीन कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, याची यादी आजोबांनी केली होती. तशीच ताईंनीही. मग कुणीतरी चुगली केली, की ताईंनी आजोबांचीच यादी उचलली. झालं! ताईंची कायम नेमणूक अडकली.

याद्या ताडून बघणारं सॉफ्टवेअर आजोबांनीच लिहिलेलं. पुरेसे फरक निघाले तर आळ खोटा. नाही निघाले तर ताईंनी सामान आवरायचं, इतकं सरळ होतं.

"किती निघतील असं वाटतं?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"बाराशेच्या घरात," ताई पटकन बोलून गेल्या.

पडद्यावर आकडा आला. १२०६.

"अगदी नेम धरून सांगितलंत हो!" प्रमुखबाई हसल्या. "दोन माणसं आपापलं काम करतात तेव्हा एवढा फरक पडायचाच. त्या चुगलखोराचं तोंड बंद झालं एकदाचं. नेमणुकीच्या कागदावर आजच सही करते."

ताईंचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही फुटलं. त्यांनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "सुटले रे बाबा!" पलीकडे तो असा काही ओरडला, की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. प्रमुखबाईंनी चहा मागवला.

आजोबांनाही हायसं वाटलं. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईवर आळ यावा, तोही आपल्या यादीपायी, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "मी पहिल्यापासून सांगत होतो," ते प्रमुखबाईंना म्हणाले, "ही कष्टाळू आहे. असलं काही करायची नाही."

मग त्यांनी स्वतःचेच कान पकडले.

"चूक खरी माझ्याच यादीत आहे. सॉफ्टवेअर नीट चालतंय का बघायला मी एक खोटा जीन घुसडला होता. असा जीन त्या बुरशीत नाहीच मुळी! जागा म्हणून नातीची जन्मतारीख टाकली, १४०८१६. काढायचा राहूनच गेला बघा. थांबा, आता काढतो नि परत चालवतो."

"राहू द्या हो," ताई म्हणाल्या. "एकाने काय बिघडतंय?"

"बिघडत काहीच नाही. तुमच्या यादीत तो नसणारच. म्हणजे फरक एकने कमी होईल, १२०५. पण सहीच्या कागदावर आकडा बरोबर जाऊ दे."

त्यांनी ती ओळ पुसली आणि बटण दाबलं. चहा आला. प्रमुखबाईंनी पेन उघडलं. ताईंनी कप उचलला, पण प्यायल्या नाहीत.

आकडा आला. १२०७.

खाली एक नवी ओळ होती: जागा १४०८१६, फक्त ताईंच्या यादीत.