लाइट आल्यावर

लाइट आली आणि राधाकिशनरावांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली.

"लाव," ते म्हणाले. "आमची वनमाला ज्याच्यावर बसली होती, त्योच लाव."

बीडच्या स्टँडमागं अमरनाथचं इंटरनेटचं दुकान होतं. चार कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन, बस. सकाळी अकराला भारनियमनानं लाइट गेली, तशी वनमाला याच खुर्चीवरून उठली, ओढणी सावरली आणि कॉलेजात न जाता सरळ स्टँडवर गेली. औरंगाबादच्या गाडीत चढताना तिला कुणीतरी पाहिलं. बातमी नेकनूरला, तिच्या गावी, पोचायला कितीसा वेळ! आता तिचा बाप आणि भाऊ अंगद दुकानात उभे होते. बाप पुढारी माणूस. बाहेर त्यांची जीप होती, आणि जीपमध्ये ठाण्यातला जमादार आरामात तंबाखू मळत बसला होता. म्हणजे कुणाला हाक मारायची सोयच उरली नव्हती.

"औरंगाबाद काय लहान हाय?" राधाकिशनराव म्हणाले. "पोरगं कोण, थांबलंय कुठं, एवढंच पायजे."

"आण्णा, लाइट गेली की समदं पुसतं," अमरनाथ म्हणाला. "मशीनच्या काय ध्यानात राहतंय?"

हे तो घाबरून बोलत नव्हता. सगळ्या बीडला हे ठाऊक होतं. तिथं पान बंद करून उठायची पद्धतच नव्हती. लाइट गेली, पडदा काळा झाला, की गिऱ्हाईक उठून चालू पडायचं. वनमाला तर मुद्दाम लाइट जायच्या आधीची वेळ धरून यायची. त्या पोराची मेल उघडायची आणि अंधार होईपर्यंत वाचत बसायची. पहिल्या दिवशी तिनं दबक्या आवाजात विचारलं होतं, "दादा, मी गेल्यावर कुणाला दिसंल का हो?"

"लाइट गेल्यावर? ब्रह्मदेव आला तरी न्हाई दिसायचं, ताई."

त्या एका बोलण्यावर पोरगी निर्धास्त झाली होती.

अंगदनं अमरनाथची गचांडी धरली. "कामून टाळायलास बे? पुसलंय म्हणतो, तर लावून दाखीव."

अमरनाथला मनातून बरंच वाटलं. कोरं पान एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि हात हलवत जातील. पोरगी सापडली तर हे तिचं काय करतील, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गेल्या उन्हाळ्यात त्याच भागातली एक पोरगी विहिरीत पाय घसरून पडली होती म्हणे. तेराव्याच्या पंगतीत तिचा बापच आग्रह करकरून लाडू वाढत होता. अमरनाथनं बटण दाबलं.

कॉम्प्युटर घरघरत सुरू होऊ लागला. त्यातला ब्राउझर बाजारात अजून यायचा होता. कंपन्या नवा ब्राउझर आणण्याआधी त्याची कच्ची आवृत्ती फुकट देतात, लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून. हा बिनपगारी उद्योग बीडात एकटा अमरनाथ करायचा, आणि काय हौसेनं! मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, लिही कंपनीला. एका पोराचा परीक्षेचा अर्ज लाइट गेल्यानं अर्ध्यात उडाला, पोरगं ढसाढसा रडलं, तेव्हा तर त्यानं रागारागानं पानभर लिहिलं. कंपनीकडून चार गोड शब्द आले की तो ते शेजारच्या किराणा दुकानात बापाला वाचून दाखवायचा. "आभारानं पोट भरतंय का रे?" सोमलिंगआप्पा विचारायचे, आणि पुढच्याच गिऱ्हाइकाला तीच गोष्ट फुगवून सांगायचे. आजच सकाळी अमरनाथनं या कॉम्प्युटरवर अगदी नवी आवृत्ती टाकली होती. तिच्यात नवीन काय आहे ते वाचणार, तेवढ्यात वनमाला आली आणि मग लाइट गेली.

पडदा उजळला. अमरनाथनं ब्राउझर उघडला आणि, "बघा, काय हाय का?" म्हणत बाजूला सरला.

पान कोरं नव्हतं.

मेल उघडी होती. सकाळी वनमालानं जिथं सोडली तिथंच, जशीच्या तशी. अंगदनं वाकून एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

"'सिडको. पाण्याच्या टाकीमागची पिवळी बिल्डिंग. वर शिवकन्याताईची खोली आहे, तिथं ये. उद्या सकाळी वकिलाकडं जाऊ. भिऊ नको.'"

अमरनाथनं झडप घालून बटण बंद केलं असतं, पण अंगदचा हात त्याच्या मानेवर होता. राधाकिशनरावांनी ओठ हलवत पत्ता दोनदा घोकला. मग त्यांनी अमरनाथच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी घरच्या माणसासारखा.

"लई उपकार झाले, मालक."

जाता जाता अंगदनं टेलिफोनची तार भिंतीतून उपटली आणि खिशात घातली. तसाही मेलमध्ये फोन नंबर नव्हता. एसटीनं जावं, तर जीप आधी पोचणार. अमरनाथ दारापर्यंत धावला, आणि जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर तसाच मागं आला.

"आरं देवा, हे आलं कुठून?" तो पुटपुटला. भिऊ नको, एवढे दोन शब्द पडद्यावर त्याच्याकडं बघत होते. त्याला ते बघवेनात. त्यानं मेल बंद केली.

तिच्याखाली सकाळपासून न वाचलेलं नव्या आवृत्तीचं पहिलं पान उघडं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, 'आता अचानक वीज गेली तरी तुमची उघडी पानं जशीच्या तशी परत मिळतील. ही सूचना केल्याबद्दल अमरनाथ, बीड, भारत यांचे मनःपूर्वक आभार.'