टाकीतला तांबडा गाळ

गॅरेजवाल्या भालेरावांनी आपली पद्धत सोडली नाही. प्लग बदलले, कॉइलची अदलाबदल केली, वायरिंग हाताने चाचपले. तरी केतकीच्या जुन्या गाडीचे इंजिन मध्येच ठोका चुकवीत होते. पेट्रोल मिळेनासे झाल्यावर इतरांसारखी तिनेही गाडीला जिवाणूंची टाकी बसवून घेतली होती. घरचे उष्टे-खरकटे टाकीत पडे, जिवाणू त्याचा गॅस करीत आणि त्यावर गाडी धावे.

"चार दिवस नीट चालते, मग आचके देते. अगदी आमच्या अण्णांसारखी तऱ्हा," केतकी थकून म्हणाली. तिचे सासरे, अण्णा, मागच्या सीटवर खोकत बसले होते.

भालेरावांनी टाकीचे झाकण उघडले. गाळ तांबडा झाला होता आणि बरेचसे जिवाणू मेले होते. हा रंग त्यांनी आणखी एका घरच्या टाकीत पाहिला होता; तिथे क्षयाच्या जिवाणूमारक तांबड्या गोळ्या खरकट्यातून टाकीत जात होत्या.

"घरात कुणाला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी हळूच विचारले.

केतकी मागे वळली. "अण्णा, भाताखाली लपवता?"

"गिळवतं तेव्हा गिळतो गं," अण्णा म्हणाले. "नाही तेव्हा ताटात राहते. पोटात फार ढवळतं. कंटाळलो आता."

"घरात तान्हं मूल आहे, अण्णा."

अण्णांनी हात पुढे केला. केतकीने पर्समधली गोळी आणि पाण्याची बाटली दिली. त्यांनी गोळी गिळली.

"आता तोंड उघडून दाखवा," ती म्हणाली.

भालेरावांनी मान वळवली आणि टाकी रिकामी करायला घेतली.