भट्टीवाल्याचा शेक

पाठ उघडी झाली आणि फिजिओ मुलीचा हात मध्येच थांबला. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, जाळीसारखे तपकिरी डाग पडले होते. त्यातच एक फोड कालपरवा फुटलेला दिसत होता.

"काकू, हे काय आहे?"

"शेकाचं आहे," पालथी झोपलेली बाई उशीतूनच म्हणाली. "कंबर धरते, मग मांडीपर्यंत कळ जाते. म्हणून रोज शेक घेते."

मुलगी बाईच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती, आणि लेकीसारखीच रागावली. गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेलची दुहेरी घडी हवी, वीस मिनिटांच्या वर ठेवायची नाही, ती घेऊन झोपायचं नाही, मधूनमधून कातडी बघायची आणि चटका बसला की त्याच क्षणी काढायची. शेक सुखाचा वाटला पाहिजे, तो सोसायचा नसतो. बाईने प्रत्येक वाक्याला हं केलं. सोसण्याच्या विषयात तिला कुणी काही शिकवावं असं फारसं उरलं नव्हतं.

पिशवी कोण भरतं, या प्रश्नाला मात्र तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग हळूच म्हणाली, "हे."

हे बाहेर बाकावर बसले होते. आत बोलावल्यावर खुशीत आले. बेकरीच्या भट्टीपुढे चाळीस वर्षं काढलेला माणूस, सहा महिन्यांपूर्वी घरी बसला. फडकं न घेता ट्रे उचलणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते नाव तो अजून खिशात घालून हिंडत होता. बायकोला शेक द्यायचं काम आपण आपणहून अंगावर घेतलंय, हे त्याने न विचारता सांगितलं. रोज दुपारी पाऊण तास, एक दिवस खाडा नाही. टॉवेल-बिवेल काही नाही, टॉवेलच सगळी ऊब खातो. पाण्याला उकळी आली की पिशवी भरायची, तळहातावर धरून बघायची आणि ठेवायची.

"माझा हात फसत नाही," तो म्हणाला. "भट्टी तापली की नाही, ते सगळी बेकरी मला विचारायची."

कोपऱ्यातल्या नळाचं गरम पाणी मुलीने टबात घेतलं, त्याच्यापुढे स्टुलावर ठेवलं आणि हात घालायला सांगितलं. त्याने बाही सरकवून मनगटापर्यंत हात घातला.

"कोमट आहे. ह्याने काय शेक होणार?"

तिने बोटाचं टोक बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. मग थर्मामीटर बुडवून त्याच्या डोळ्यांपुढे धरला. पंचावन्न. ह्या पाण्याने माणसाची कातडी अर्ध्या मिनिटात भाजते, ती म्हणाली, फक्त तुमच्या हाताला ते आता कळत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तो हात अजून पाण्यातच होता. काढा, असं तिला दोनदा सांगावं लागलं.

त्याने तळवा उलटसुलट करून पाहिला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण ह्या माणसाला वाईट वाटलं की आवाज चढायचा, आणि तो बायकोवरच चढायचा.

"अगं, भाजत होतं तर बोलायला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुला?"

बाईने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली. चाळीस वर्षं तो उजाडायच्या आत घराबाहेर पडत होता आणि दुपारी येऊन झोपत होता. त्याची झोप मोडू नये म्हणून अख्खं घर कुजबुजत जगलं. पोराचा ताप असो की गळकं छप्पर, तिने विषय काढला की तो पायांत चपला सरकवायचा. आणि आता सहा महिने तो दुपारी स्टूल ओढून तिच्याजवळ बसत होता. पिशवी घसरू नये म्हणून एक हात तिच्या पाठीवर ठेवायचा, बेकरीतल्या गमती सांगायचा, इथं दुखतं की जरा खाली, असं विचारायचा. एका फोडाच्या बदल्यात हे काही महाग नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"बोलले असते," ती म्हणाली, "तर तुम्ही उठून गेला असता."

मुलीने टब उचलला आणि मोकळं झालेलं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. त्याने फक्त त्यावर टेकायचं होतं. एवढं त्याला जमण्यासारखं होतं.

"हे ऐकायला आलो होतो का मी इथं," असं काहीतरी पुटपुटत तो वळला. दार लागलं आणि चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

मुलीने फुटलेल्या फोडावर मलम लावून पट्टी केली. पाठीला आता महिनाभर शेक नाही, म्हणाली. मग टॉवेलात गुंडाळलेली पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिली, बाईच्याही टेकवली, आणि मांडीवर ठेवली. टायमर पंधरा मिनिटांवर फिरवला.

"काकू, भाजलं तर लगेच सांगायचं, हं."

बाई त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

"आत्ताच सांगितलं की," ती म्हणाली.