न बदललेल्या लिमिट

राइट टाउनच्या कोचिंगमध्ये सरांनी टेस्टचे पेपर आपसांत तपासायला दिले आणि मैथिलीच्या हाती नेमका लतिकाचा पेपर आला. दरवेळी एका मार्काने पुढे राहणाऱ्या लतिकाला एकदा तरी आपल्यासारखं जळताना पाहायचं होतं तिला. शेवटच्या गणितात लतिकाने साइन एक्सला टी मानलं, पण इंटिग्रलच्या वरखालच्या लिमिट टीप्रमाणे बदलल्याच नाहीत. नंतर टीच्या जागी पुन्हा साइन एक्स ठेवून उत्तर मात्र बरोबर काढलं. मधल्या पायरीतल्या चुकीचे मैथिलीने लाल पेनने दोन मार्क कापले. "सही पकडा," सर म्हणाले. मैथिली पहिली आली. क्लास सुटल्यावर तिने लतिकाला तिच्या स्कूटीपाशी गाठून पेपर दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "अच्छा, लिमिट काहून नाही बदलल्या मी? बरं पकडलंस," लतिका म्हणाली. "चल, आज समोसे तुझ्याकडून." आणि त्याच पेपरने तिने मैथिलीसाठी मागच्या सीटवरची धूळ पुसली.