डावा इअरबड

डावीकडचा दिवा काही लागेना. सुनेने डबी मिटली, पुन्हा उघडली, इअरबड काढून त्यावर फुंकर मारली आणि परत खोबणीत दाबला. उजवा टेचात उजळला. डावा ढिम्म.

"सोड आता," नवरा म्हणाला. "दुकानदाराने हात टेकले, तिथे तू काय करणार?"

दुकानदाराने खरंच हात टेकले होते. हे चिकटवून बंद केलेलं असतं, उघडलं की संपलं, आणि सुटा एक कुठे मिळत नाही, असं सांगून त्याने तिची बोळवण केली. तेव्हापासून तिने तो तांदळाच्या डब्यात पुरून पाहिला, पंख्याखाली ठेवून पाहिला, उन्हात घालून पाहिला. देव तेवढे पाण्यात ठेवायचे बाकी होते.

सासऱ्यांचा उजवा कान केव्हाच गेलेला. डाव्यात थोडी धुगधुगी होती, त्यामुळे जोडीतला हा डावाच काय तो त्यांच्या कामाचा. पूर्वी टीव्ही इतका मोठ्याने लावावा लागे की शेजाऱ्यांनाही बातम्या पाठ व्हायच्या. मग नणंदेने ही जोडी आणून दिली आणि फोनजवळचा आवाज कानात पोचेल असं फोनमध्ये काहीतरी कायमचं चालू करून ठेवलं. सासऱ्यांनी आपला फोन टीव्हीशेजारी ठेवायचा आणि खुशाल गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, बातम्या थेट कानात. घर शांत झालं. सुनेलाच तेव्हा सगळ्यांत जास्त बरं वाटलं होतं.

आणि तिनेच तो धुऊन काढला. मशीनमधले कपडे काढताना तळाशी खट्कन वाजलं, बघते तर हा. सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिला असणार, दुसरं काय! एरवी प्रत्येक खिसा उलटा केल्याशिवाय ती कपडा आत टाकत नसे. पण आदल्या संध्याकाळी नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं होतं, सकाळी डोकं ठिकाणावर नव्हतं.

वाजलं होतं तेही सासऱ्यांवरूनच. सोफ्यावर बसून ती नको नको ते बोलली. त्यांची औषधं, त्यांची पथ्यं, त्यांच्या हाका, यातच आपला जन्म जाणार म्हणाली. ते आहेत तोवर मला माझं म्हणून आयुष्य नाही, इथवर जीभ गेली. शेवटी ठरलं की त्यांना नणंदेकडे कायमचं पाठवायचं. रविवारी ती आली की तिच्याशी बोलायचं, तोवर सासऱ्यांना काही कळू द्यायचं नाही.

आधीच मनात पाप, त्यात हे. ज्या माणसाला घराबाहेर काढायचं त्याचा कानही आपणच बंद करावा, हे तिला सहन होईना. निदान जाताना तरी त्यांना नीट ऐकू यावं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. सासऱ्यांना मात्र तिने सांगितलं की चार्जिंगचं काहीतरी बिघडलंय. सांगताना त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"जाऊ दे ग," ते म्हणाले होते. "कशाला जीव आटवतेस? मला आता ऐकायचं तरी काय राहिलंय?"

त्या दिवसापासून ते चहासुद्धा आपला आपण करून घेऊ लागले. कप विसळून पालथा घालत, कपड्यांच्या घड्या करत. हाक मारली तर उत्तर ऐकू येत नाही, म्हणून बिचारे मागतच नाहीत, असं तिला वाटे. खाई त्याला खवखवे. कप पालथा दिसला की ती पुन्हा इअरबड घेऊन बसायची.

शनिवारी संध्याकाळी सासरे फिरायला गेले, तेव्हा ती पुन्हा बसली. या वेळी तिने इअरबड उजेडात तिरका धरला. खालच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर हिरवट पापुद्रा धरला होता. तिने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो भिजवला, टूथपिकच्या टोकाने अलगद खरवडला, पुन्हा पुसला. डबीत ठेवला. दिवा लागला. तिने देवाचे, स्पिरिटचे आणि टूथपिकचे, सगळ्यांचे आभार मानले.

थोडा चार्ज झाल्यावर ती गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली आणि इअरबड स्वतःच्या कानात घातला. सासऱ्यांचा फोन नेहमीसारखा टीव्हीशेजारीच होता, पण टीव्ही बंद होता, त्यामुळे काही ऐकू येईल अशी तिची अपेक्षा नव्हती. नुसती घरघर आली तरी पुरे होती.

घरघर आली. मग सोफा करकरला. आणि मग नवऱ्याचा आवाज इतक्या जवळून आला की तिने दचकून मागे पाहिलं. तो आत होता, काचेचं दार लावलेलं, आणि उद्याची वाट न बघता बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत होता.

"नाही ग ताई, बाबांना काही माहीत नाही. आणि हिचंही चुकत नाही. ते आहेत तोवर तिला तिचं म्हणून आयुष्य नाही, असं म्हणाली ती."

तिचंच वाक्य तिच्या कानात आलं. ज्या सोफ्यावर ते दोघं रोज संध्याकाळी मन मोकळं करत, तो टीव्हीच्या पुढ्यातच होता. आणि सासरे रोज संध्याकाळी याच खुर्चीत बसलेले असत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात चपला वाजल्या. इअरबड काढून डबीत ठेवत ती उठून सामोरी गेली. मोठ्या गोष्टीला तोंड फुटेना, म्हणून तिने छोटी पुढे केली. सासऱ्यांच्या हातात डबी ठेवली आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकली.

"बाबा, हा चार्जिंगमुळे बिघडला नव्हता. मी खिसा न बघता सदरा मशीनमध्ये टाकला. चुकलं माझं. आता झालाय नीट, घाला कानात."

सासऱ्यांनी डबी उघडून पाहिली. मग मिटली आणि तिच्या हातात परत दिली.

"खिशात नव्हताच तो, सूनबाई," ते म्हणाले. "तू मशीन लावून आत गेलीस, तेव्हा झाकण उघडून मीच टाकला."