कॉम्प्युटर म्हणेल ती तारीख

“अहो, हात लावू नका त्याला!” कारकूनकाका ओरडले. पण तोवर दुरुस्तीवाल्या बाईंनी कॉम्प्युटरचं झाकण काढून भिंतीला टेकवलंसुद्धा.

“महिनाअखेर मी निवृत्त होतेय,” पांढऱ्या केसांचा अंबाडा आवळत त्या म्हणाल्या. “हे माझं शेवटचं खोकं.”

हे खोकं काका चांगलंच ओळखून होते. मदरबोर्ड जुना, स्वभावाने तिरसट. रॅमच्या दोन खाचांपैकी एक मेलेली. टपली मारल्याशिवाय पंखा फिरत नसे. आणि बावीस वर्षं रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की सगळं विसरून तो तारीख दाखवायचा: १ जानेवारी २००२. खाली काहीतरी इंग्रजी कुरकुर. काका एफ-वन दाबायचे, की झालं काम सुरू.

कचेरीचा नियम साधा होता: कॉम्प्युटर म्हणेल ती तारीख. त्या हिशोबाने काका रोज सकाळी एक्कावन्न वर्षांचे असत. कवळी आली, मोतीबिंदू निघाला, नातू नोकरीला लागला. निवृत्तीला मात्र अजून सात वर्षं होती.

“तारीख लक्षात ठेवणारा सेल संपला असणार,” बाई म्हणाल्या. “नवा घातला की झालं. दोन मिनिटांचं काम.”

दोन मिनिटं! घरी काकांना कोणी कुत्रं विचारत नव्हतं. इथे त्यांच्या सहीसाठी माणसं रांग लावत. ते तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले.

“साहेब, सेल मेलाय हे मला ठाऊक होतं. मुद्दामच बोललो नाही. मला घरी बसवू नका हो!”

साहेब काठी टेकत उठले. खोक्यापाशी आले.

बाईंनी खोक्यात टॉर्च मारला. “मेलेला कुठला? इथे सेलच नाही. कोणीतरी काढून नेलाय.”

“आईशप्पथ, मी झाकण कधी उघडलेलं नाही!” काका रडकुंडीला आले.

साहेबांनी चष्म्याचं घर उघडलं. आत नाण्याएवढा एक सेल चकचकत होता.

“काका, मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा आहे,” ते हळूच म्हणाले.

बाईंनी एकदा सेलकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे. मग भिंतीला टेकवलेलं झाकण उचलून त्यांनी जागच्या जागी बसवलं आणि चारही स्क्रू घट्ट आवळले.

“इथे एखादी खुर्ची रिकामी आहे का हो?”