ट्रामचा नियम

१९५४ साली मुंबईची ट्राम पाहून मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी परतलो आणि आठवडाभर लोकांना अक्कल शिकवली. "ट्राम रूळ सोडत नाई. आपण रुळाबाहेर उभं राहाचं, मंग भ्याचं काम नाई!"

एका सकाळी डोक्यावर धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, भारा घेऊन निघालो, तर समोरून मुखरूभाऊची बैलबंडी आली. चाकोरी म्हणजे रूळच, म्हणून मी दोन हात बाहेर सरकलो आणि ऐटीत उभा राहिलो.

"अजून सरक ना गा!" मुखरूभाऊ ओरडला. मी नुसता हसलो. तेवढ्यात बैल चाकोरी सोडून माझ्या अंगावर आले आणि मी बाजूच्या धानशेताच्या बांधीतल्या चिखलात पालथा पडलो.

गुडघ्यावर हळद लावता लावता बायकोनं विचारलं,

"तुमची ट्राम तणस खात नाई काय जी?"